जुनी पाणचक्की बघायला पहिल्यांदाच जाताय? मग अशी बघा

दुरुस्त करून परत चालू केलेली जुनी पाणचक्की बघायला पहिल्यांदा येणारी बरीच मंडळी गाडीतून उतरतात, चाकासमोर फोटो काढतात, आत एक चक्कर मारतात, दगडाला हात लावतात आणि अर्ध्या तासात बाहेर. मस्त होतं म्हणतात, पण नक्की काय बघितलं विचारलं तर सांगता येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण एवढं मोठं यंत्र, ज्याच्या पोटात शिरून ते चालताना प्रत्येक मजल्यावरून बघता येतं, असं दुसरं सहसा मिळत नाही आणि ते परत फिरतं करायला कोणीतरी वर्षानुवर्षं खपलेलं असतं. थोडी तयारी आणि बघायचा क्रम, एवढं डोक्यात असलं तरी पुरे. क्रम सोपा आहे, आधी पाण्याच्या मागे जायचं आणि मग धान्याच्या मागे. बाकी सगळं या दोन वाटांवर येतंच.

दळण असेल त्याच दिवशी जा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून आधी सांगतो. चक्की उघडी असणं वेगळं, चाक फिरत असणं वेगळं आणि खरंच दळण चालू असणं आणखी वेगळं. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले बरेच दिवस आत जाता येतं पण दळण ठरावीक दिवशीच असतं, तेही दोन-तीन तास, कारण तळ्यात साठवलेलं पाणी संपलं की थांबावंच लागतं. वेबसाइटवर दळणाचा दिवस शोधा, तरीसुद्धा निघायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि सरळ विचारा, उद्या दगड चालणार आहेत का आणि किती वाजता. नुसतं "उघडं आहे का" विचारलंत तर हो म्हणतील, आणि तुम्ही जाऊन बंद चाक बघून याल.

पावसाचा हिशोबही जरा उलटा आहे. पाणी कमी असेल तर चाक फिरत नाही हे सगळ्यांना कळतं, पण नदीला पूर असेल तरीही ते फिरत नाही, कारण चाकाखालचं पाणी इतकं वर येतं की चाकाचा खालचा भाग त्यात बुडतो आणि ते अडकल्यासारखं होतं. म्हणजे जोरदार पाऊस झाला, आता चक्की जोरात चालेल, असं समजून लगेच निघू नका, दोन-चार दिवस जाऊ द्या. थंड देशांत हिवाळ्यात बऱ्याच चक्क्या दुरुस्तीसाठी बंद असतात तेही बघून घ्या.

युरोपात जाणार असाल तर तारखा जुळवून बघा. जर्मनीत पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) सोमवारी देशभर चक्की-दिवस असतो, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी असतो. एरवी कुलूप असलेल्या कितीतरी छोट्या चक्क्या त्या दिवशी उघडतात आणि चालवणारी माणसंही भरपूर गप्पा मारायच्या मूडमध्ये असतात. गर्दी असते हे खरं, पण सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर चालतं.

काय घालायचं, काय न्यायचं

यात फार काही नाही. ग्रिप चांगली असलेले बूट पाहिजेतच, कारण बाहेर शेवाळ असतं आणि आत लाकडी जिन्यावर पिठाचा बारीक थर, दोन्हीवर पाय सटकतो. ओढणी, स्कार्फ, जॅकेटची लोंबती दोरी, मोकळे लांब केस, हे सगळं चालत्या दातेरी चाकांजवळ खरंच धोक्याचं आहे, बांधून घ्या किंवा गाडीत ठेवा. काळे कपडे घातलेत तर बाहेर पडताना पांढरे दिसतील. दमा असेल किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर दळण चालू असताना आत थांबू नका, हवेत पीठ असतंच. जिने बहुतेक ठिकाणी शिडीइतके उभे असतात, उतरताना तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतो तसंच उतरायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधीच विचारून ठेवा की तळमजल्यावरून किती दिसतं. बऱ्याच ठिकाणी वर लिफ्ट नसते, जुन्या इमारतीत ती बसवायला जागाच नसते.

आत जायच्या आधी पाण्याच्या उलट दिशेने चालत जा

इथे बहुतेक लोक चुकतात, म्हणजे थेट दारातून आत जातात. तसं न करता आधी चक्कीला पाणी जिथून येतं तिकडे चालत जा, रस्ता असेल तिथपर्यंत. थोडं वर नदीवर एक बंधारा दिसेल, तिथून एक पाट काढलेला असतो. आता या पाटाकडे नीट बघा. नदी उताराने खाली खाली जात असते आणि पाट मात्र जवळजवळ सपाट चालतो, त्यामुळे चक्कीपर्यंत पोचेपर्यंत पाटातलं पाणी नदीपेक्षा बरंच उंचावर आलेलं असतं. सगळी ताकद या उंचीच्या फरकात आहे. चक्की बांधणाऱ्याने जागा निवडली ती नदीकाठचं दृश्य बघून नाही, हा फरक कुठे मिळतो ते बघून, आणि पाट चालत गेल्याशिवाय हे कळत नाही.

पाटाच्या शेवटी लोखंडी गजांची जाळी असते, पालापाचोळा आणि फांद्या अडवायला. त्याच्यापुढे पाणी सोडायचं दार, आणि शेजारी जास्तीचं पाणी बाजूने नदीत सोडून देणारी वाट. काही ठिकाणी माशांना वर जाता यावं म्हणून पायऱ्यापायऱ्यांची वेगळी वाट केलेली असते, ती दिसली तर थांबा थोडा वेळ. लहान मुलं बरोबर असतील तर इथे हात सोडू नका. दाराजवळचं पाणी वरून शांत दिसतं पण खालून ओढ असते आणि काठ बहुतेक सरळ उभे, धरायला काही नसतं.

मग चाकाकडे या. पाणी चाकावर कुठे पडतंय तेवढंच आधी बघा. लाकडी पन्हळीतून चाकाच्या डोक्यावर पडत असेल तर चाकाला खण असतात, ते भरतात आणि पाण्याच्या वजनाने चाक खाली ओढलं जातं. साधारण मध्यावर पडत असेल तर तो मधला प्रकार, त्यात चाकाच्या मागे दगडी वळणदार भिंत असते म्हणजे पाणी खणांतून लवकर सांडत नाही. आणि पाणी खालून नुसतं वाहत फळ्यांना ढकलत असेल तर तो सपाट प्रदेशातला जुना प्रकार. इंग्लंडच्या जॉन स्मीटन या इंजिनिअरने छोटी मॉडेल करून हे मोजलं आणि १७५९ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे मांडलं, की वरून पाणी घेणारं चाक खालून ढकललं जाणाऱ्या चाकापेक्षा साधारण दुप्पट काम काढतं. त्यानंतर जिथे उंची मिळत होती तिथे वरून किंवा मध्यावर पाणी घेणारी चाकं वाढत गेली. तुमच्यासमोरचं चाक कुठलं आहे हे ओळखता आलं की ते तसं का आहे हे आजूबाजूच्या जमिनीकडे बघूनच कळतं.

आणि चाक उभं नसेल, आडवं असेल, म्हणजे इमारतीच्या खाली पाण्यात सपाट फिरत असेल, तर तुम्ही वेगळ्याच घराण्याची चक्की बघताय. हिमालयातले घराट, म्हणजे तिथल्या छोट्या पाणचक्क्या, असे असतात, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरही असेच छोटे दगडी खोपटे आहेत. त्यात मधले दाते-बिते काहीच नसतात, खालचं चाक एकदा फिरलं की वरचा दगड एकदा फिरतो, संपलं. त्यामुळे पुढचं दात्यांचं सगळं सोडा आणि थेट दगडांवर या.

चाक थांबलेलं असलं तरी त्याच्यावर चढू नका आणि मुलांना चढू देऊ नका. थांबलेल्या चाकाच्या खणात पाणी राहिलेलं असू शकतं, दारातून थोडं गळतही असतं, आणि ते अचानक अर्धा फेरा फिरतं. लाकडी चाक फार दिवस एकाच जागी उभं ठेवलं तर खालची बाजू पाणी पिऊन जड होते आणि मग चालू केल्यावर ते हिसके देत फिरतं, म्हणून चक्कीवाले ते अधूनमधून मुद्दाम फिरवत राहतात, दळण नसलं तरी.

आत गेल्यावर आधी तळमजला

भिंतीतून चाकाचा आस आत येतो, त्यावर एक मोठं उभं दातेरी चाक बसवलेलं असतं, अर्धं खड्ड्यात. ते एका छोट्या आडव्या चाकाला फिरवतं, ते एका उभ्या जाड खांबाला, आणि त्या खांबावर परत एक भलंमोठं आडवं चाक जे वरच्या मजल्यावरचे दगड फिरवतं. बाहेरचं चाक मिनिटाला सात-आठ किंवा दहा फेरे घेत असेल तर दगड शंभराच्या वर घेतो, तो वेग इथे वाढवला जातो. इथे पाच मिनिटं उभं राहून नुसतं कुठलं चाक कुठल्याला फिरवतंय ते बोटाने माग काढत बघा, बोट लांबूनच.

दात्यांकडे खास लक्ष द्या. बऱ्याच चक्क्यांत एका चाकाचे दाते बिडाचे आणि त्याला भिडणाऱ्या चाकाचे लाकडाचे, एकेक वेगळा ठोकून बसवलेला, सफरचंद किंवा हॉर्नबीमसारख्या चिवट लाकडाचा. हे मुद्दाम आहे. लाकूड लोखंडावर आवाज कमी करतं, ठिणगी उडत नाही, आणि काही अडकलं तर लाकडाचा एखादा दाता मोडतो, अख्खं बिडाचं चाक फुटत नाही. दाता परत बसवता येतो. आणखी एक गंमत म्हणजे दोन चाकांच्या दात्यांची संख्या बऱ्याचदा अशी ठेवतात की एकाला मुद्दाम एक दाता जास्त, म्हणजे तोच दाता दर फेऱ्याला त्याच दात्याला भेटत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते. चक्कीवाल्याला याबद्दल विचारा, माझा अनुभव असा आहे की हा प्रश्न ऐकला की त्यांचा चेहरा खुलतो.

मग मधला मजला सोडून थेट वर

ताकद खालून वर येते आणि धान्य वरून खाली जातं, म्हणून आता सगळ्यात वर जायचं. तिथे धान्याच्या मोठ्या लाकडी पेट्या असतात आणि पोतं वर ओढायची साखळी. ही साखळीसुद्धा पाण्याच्याच जोरावर चालते, दोरी ओढली की पट्टा ताणला जातो आणि पोतं उचललं जातं. जमिनीत प्रत्येक मजल्यावर दोन झडपांचं दार असतं, चामड्याच्या बिजागऱ्यांवर. पोतं खालून आलं की डोक्याने ते दार उघडतं, वर निघून जातं आणि झडपा धाड धाड करून आपोआप मिटतात, म्हणजे भोक उघडं राहून कोणी पडायला नको. बाकी काही नाही तरी हे चालू असताना नक्की बघा, आणि त्या झडपांवर उभे राहू नका.

अमेरिकेतल्या जुन्या चक्क्यांत वर माणसाने पोतं न्यायची गरजच नसते, कारण ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या माणसाने पट्ट्यावर छोट्या वाट्या लावून धान्य आणि पीठ वर चढवायची आणि मळसूत्राने आडवं सरकवायची पद्धत काढली, १७९० मध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. व्हर्जिनियातली कोल्विन रन मिल ही साधारण १८११ च्या आसपासची चक्की याच पद्धतीची आहे आणि ती दुरुस्त करून चालू ठेवली आहे. त्या बाजूला असाल तर जा, लाकडी नळकांड्यांचं जाळं बघायला मिळतं.

दगड

आता मधल्या मजल्यावर, आणि इथे जितका वेळ देता येईल तितका द्या. बहुतेक वेळा दगड गोल लाकडी पेटीत झाकलेले असतात त्यामुळे पहिल्यांदा काहीच दिसत नाही, पण बहुतेक ठिकाणी एखादा जुना दगड उलटा करून भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, आधी तो बघा. खालचा दगड पक्का, वरचा फिरणारा, जात्यासारखंच, फक्त एकेक दगड चार फुटांच्या आसपास रुंद आणि जवळपास टनाच्या घरातला. दगडाच्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत खाचा काढलेल्या असतात. वरच्या आणि खालच्या खाचा फिरताना एकमेकींना छेदत जातात आणि दाणा आधी कापला जातो, मग कडेकडे सरकत सरकत बारीक होतो. या खाचा झिजल्या की दगड उचलून परत टाकी लावायला लागते, हातोडा-छिन्नीने, आणि ते शिकायला वर्षं जातात.

दगड एकसंध आहे की तुकडे जोडून केलेला, तेही बघा. तुकडे जोडलेला, बाहेरून लोखंडी पट्टा आवळलेला, मागे प्लास्टर असेल तर तो बहुधा फ्रान्सचा, पॅरिसच्या पूर्वेला ला फेर्ते-सू-झुआर इथल्या खाणींचा. फार कठीण, गव्हाचं पांढरं पीठ काढायला सगळ्यात नावाजलेला आणि जगभर जायचा. इंग्लंडमध्ये त्याच्या शेजारी दुसरी जोडी डर्बीशायरच्या एकसंध दगडाची दिसते, ती जनावरांच्या भरडीसाठी.

दळण चालू झालं की धान्याच्या चौकोनी पेटीकडे बघा. पेटीतून धान्य एका तिरप्या लाकडी पन्हळीत येतं आणि दगडाच्या मधल्या भोकात पडतं. मधोमध एक उभा लोखंडी दांडा फिरत असतो, कडा असलेला, आणि तो त्या पन्हळीला टकटकटकटक धक्के देत असतो. दगड जोरात फिरला की धक्के वाढतात आणि धान्यही जास्त पडतं, दगड हळू झाला की घास आपोआप कमी. पाण्याचा जोर बदलला तरी माणसाला सारखं धावावं लागत नाही, आणि हे सगळं एका दोरीवर आणि एका लाकडी पन्हळीवर. पेटीतलं धान्य संपत आलं की एक घंटा वाजते, कारण दगडांमध्ये धान्य नसताना ते फिरत राहिले तर एकमेकांवर घासतात, खाचा जातात आणि ठिणग्या उडतात.

ठिणगी म्हटल्यावर हे पण सांगतो. हवेतलं पीठ पेट घेतं, स्फोटासारखं. २ मे १८७८ ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या वॉशबर्न ए मिलमध्ये असाच स्फोट झाला आणि १८ कामगार गेले, ती पाण्याच्याच जोरावर चालणारी मोठी मिल होती. त्यामुळे आत सिगारेट, लायटर काहीही नको, चक्की छोटी असली तरी.

मग परत खाली या, जिथे पिठाची नळी पोत्यात उतरते, आणि चक्कीवाल्याच्या हाताकडे बघा. दर थोड्या वेळाने तो नळीखाली हात धरतो, अंगठ्याने पीठ बोटांवर पसरवून चोळतो, मग एक स्क्रू किंचित फिरवतो आणि परत हात धरतो. त्या स्क्रूने वरचा दगड केसभर वर-खाली होतो, कडेला दोन दगडांमधलं अंतर कागदाच्या जाडीइतकंच असतं. पीठ जास्त गरम लागलं तर दगड फार जवळ आलेत, खरबरीत लागलं तर लांब गेलेत. परवानगी असेल तर तुम्हीही हात धरा, ताजं पीठ कोमट असतं आणि त्याचा वास पाकिटातल्या पिठाला कधीच येत नाही. २०१७ मध्ये युनेस्कोने नेदरलँड्समधल्या पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालवणाऱ्यांच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते याच हातातल्या ज्ञानासाठी, आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो. इमारत दुरुस्त करता येते हो, पण चालवणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो.

चालवणाऱ्यांशी बोलायचं ते कधी आणि काय

दगड चालू करताना, बंद करताना आणि वेग जुळवताना त्यांना प्रश्न विचारू नका, तेव्हा त्यांचे कान दगडाच्या आवाजाकडे असतात. दळण मार्गी लागलं की विचारा. बऱ्याच ठिकाणी ही माणसं पगारी नसतात, आवडीने वेळ देतात, त्यामुळे मनापासून विचारलंत तर भरभरून सांगतात. यातलं जुनं किती आणि नवं किती, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारायला सांगतो. बाहेरचं लाकडी चाक पाण्यात कुजतं आणि काही दशकांत बदलावंच लागतं, त्यामुळे चाक नवं आहे म्हणून नाराज व्हायचं कारण नाही, चक्की चालू होती तेव्हाही ते बदललं जातच होतं. जुनेपणा शोधायचा तर तुळयांवर सुताराने कोरलेल्या खुणा बघा, मध्येच झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या बघा, भिंतीवर कोरलेल्या पुराच्या रेघा आणि साली बघा. चांगल्या दुरुस्तीत नवीन लाकूड जुन्यासारखं रंगवून लपवत नाहीत, ते वेगळं ओळखू येतं आणि तसंच पाहिजे.

फोटोचं थोडक्यात. चाकाचा फोटो काढताना शटर थोडं हळू ठेवा, एक अष्टमांश सेकंदाच्या आसपास, म्हणजे पाणी आणि चाक फिरताना दिसतं, नाहीतर बंद चाकाचाच फोटो वाटतो. आत अंधार असतो पण फ्लॅश मारू नका, हवेतलं पीठच उजळतं आणि काम करणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा दगडाजवळ एक मिनिट फोन स्थिर धरून व्हिडिओ घ्या, त्या टकटकीचा आवाज फोटोत येत नाही.

पीठ विकत घेतलंत तर

इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या हॉटन मिलसारख्या चक्क्या स्वतःचं पीठ विकतात आणि त्या पैशातून देखभालीला हातभार लागतो, त्यामुळे मिळत असेल तर घ्याच. आधी विचारून घ्या की ते खाण्यासाठी आहे ना, काही ठिकाणी फक्त दाखवण्यापुरतं दळतात आणि ते पीठ जनावरांना जातं. दगडावर दळलेल्या अख्ख्या धान्याच्या पिठात दाण्याचा कोंब आणि त्यातलं तेल राहतं, म्हणून ते दुकानातल्या मैद्यापेक्षा लवकर खवट होतं. पिशवीवर दळल्याची तारीख बघा, घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, जास्त असेल तर फ्रीझरमध्ये. कोंडा पाणी पितो त्यामुळे मळताना नेहमीपेक्षा पाणी जास्त लागेल, आणि एकदम न ओतता थोडं थोडं घाला, मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवा, मग ठरवा अजून पाणी पाहिजे का ते.